पंपाच्या स्लीव्हवरचे सिरॅमिक कोटिंग का सुटते? आधी पापुद्र्याची पाठ पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३१६ स्टेनलेस स्टीलची शाफ्ट स्लीव्ह (शाफ्टवर बसणारी, झीज सोसणारी नळी), बाहेरचा व्यास ८० मिमी, लांबी १५० मिमी. ती ग्लँड पॅकिंगखाली (गळती रोखायला भोवती दाबून बसवलेल्या दोरीखाली) चालते आणि पंपातून सौम्य आम्लयुक्त, बारीक गाळ असलेले पाणी जाते. तिच्यावर निकेल-ॲल्युमिनियमचा बाँड कोट (सिरॅमिकला धरून ठेवणारा धातूचा थर) आणि वर क्रोमियम ऑक्साइडचा काळा प्लाझ्मा कोट (प्लाझ्मा गनने पावडर वितळवून फवारलेला थर) दिला होता. चार महिन्यांत नखाएवढे पापुद्रे सुटू लागले. खाली हिरवट-करडा भुगा दिसतो. पुढच्या वेळी थर जाड द्यावा, की क्रोमियम ऑक्साइड सोडून सिलिकॉन कार्बाइड मारावे?

थर जाड करू नका. सिलिकॉन कार्बाइड साध्या प्लाझ्मा गनने मारता येत नाही, त्याचे कारण पुढे सांगतो. तुमचे सिरॅमिक बहुधा झिजलेले नाही आणि मऊही नव्हते. त्याच्या खालची जमीन खचली आहे. अशा कामातले बहुतेक बिघाड काळ्या थरात नसून त्याच्या खाली असतात, आणि तपास मात्र काळ्या थराचाच होत राहतो. म्हणून सुटलेला पापुद्रा फेकू नका. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि त्याची पाठ पाहा.

पाठीवर सिरॅमिकच्या आत धातूचा करडा थर चिकटून आलेला असेल आणि स्लीव्हवर स्वच्छ, चमकते स्टील उघडे पडले असेल, तर दोष ग्रिट ब्लास्टिंगचा, म्हणजे कठीण रवा मारून पृष्ठभाग खडबडीत करण्याचा. पापुद्रा दोन्ही बाजूंनी काळा आणि स्लीव्हवर बाँड कोट शाबूत असेल, तर बाँड कोट आणि सिरॅमिक यांच्यामध्ये काहीतरी बिनसले: मध्ये वेळ गेला, धूळ बसली किंवा बाँड कोट फार गुळगुळीत पडला. स्लीव्हवरही काळा थर उरला असेल आणि पापुद्राही काळाच असेल, तर सिरॅमिक आतल्या आत आडवे फाटले आहे; कण नीट वितळले नाहीत किंवा एका फेरीत फार माल बसला. आणि पाठीवर भुगा, डाग, रंग बदललेला असेल तर द्रव आत शिरून खालचा धातू खाल्ला गेला आहे. हिरवट रंग निकेलच्या क्षारांचा असतो. तुमच्या वर्णनावरून हाच शेवटचा प्रकार आहे.

प्लाझ्मा फवारणीचा कोणताही ऑक्साइड थर पूर्ण घट्ट नसतो. वितळलेला प्रत्येक थेंब पृष्ठभागावर आपटून चपटा होतो आणि क्षणार्धात गोठतो. अशा लाखो चकत्या एकमेकींवर बसून थर तयार होतो. चकत्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि गोठताना आकसल्यामुळे प्रत्येक चकतीला उभ्या केसासारख्या भेगा पडतात. चांगल्या क्रोमियम ऑक्साइड थरातही दोन ते पाच टक्के सच्छिद्रता असते. या जाळ्यातून पाणी केशाकर्षणाने खाली उतरते. क्रोमियम ऑक्साइडला त्याचे काही वाटत नाही. आम्ल आणि अल्कली दोन्हींत ते टिकते. निकेल-ॲल्युमिनियम मात्र टिकत नाही. तो बाँड कोट उत्तम चिकटतो, म्हणून दुकानात तोच हाताशी असतो. कोरड्या आणि गरम कामाला तो योग्यही आहे. पण आम्ल, अल्कली, खारे पाणी अशा कुठल्याही विद्युतवाहक द्रवात त्याचा वापर टाळावा. पावडर बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे लिहिलेले असते, फक्त ते कोणी वाचत नाही. खाल्ल्या गेलेल्या धातूचा भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, खालून सिरॅमिकला उचलतो आणि पॅकिंगच्या घर्षणाने तो तुकडा निघून जातो.

तेव्हा तुमच्या कामासाठी पहिला बदल हा: बाँड कोट निकेल-क्रोमियम ८०-२० चा घ्या, जाडी १०० मायक्रॉन. आम्ल हायड्रोक्लोरिक जातीचे असेल तर निकेल-क्रोमियमही पुरणार नाही. तिथे मॉलिब्डेनम असलेला हॅस्टेलॉय जातीचा निकेल मिश्रधातू लागतो. क्लोराइड भरपूर असेल तर ३१६ स्टीलच कोटिंगखाली खड्डे पडून खराब होते. अशा ठिकाणी कोटिंगचा हट्ट सोडून मूळ धातू बदलावा.

दुसरा बदल सीलरचा, म्हणजे छिद्रे बुजवणाऱ्या द्रवाचा. फवारणी संपली की जॉब थोडा कोमट असतानाच पातळ फिनॉलिक किंवा इपॉक्सी सीलर ब्रशने लावा, मुरू द्या, पुन्हा लावा आणि डब्यावर दिलेल्या तापमानाला पक्का करा. हे ग्राइंडिंगच्या आधी करायचे असते. नंतरसाठी ठेवले तर कूलंट आणि ग्राइंडिंगचा गाळ छिद्रांत आधीच जाऊन बसलेला असतो आणि सीलरला जागा उरत नाही. पण सीलर फार खोल शिरत नाही, आणि ग्राइंडिंगमध्ये वरचा भाग निघून जातो, म्हणून शेवटच्या मापाला आल्यावर धुऊन, वाळवून दुसरा हात द्यावाच लागतो. बरीच दुकाने हा दुसरा हात गाळतात.

आता पूर्ण काम क्रमाने.

जुना थर आणि जुना बाँड कोट मुळापासून काढा. सिरॅमिक ग्राइंड करून, बाँड कोट कार्बाइड टूलने टर्न करून. खड्डे पडलेली जागा दिसली तर ती संपेपर्यंत खाली जा. खड्ड्यात अडकलेले क्षार नव्या थराखाली पुन्हा कामाला लागतात. मापांचा हिशोब असा: शेवटचा व्यास ८०.०० मिमी हवा आहे. सिरॅमिक एका बाजूने ०.२५ आणि बाँड कोट ०.१० धरला तर स्लीव्ह ७९.३० मिमीपर्यंत उतरवा. बाँड कोटनंतर ७९.५०, सिरॅमिक ०.४० मारल्यावर ८०.३०, आणि ग्राइंड करून ८०.००. खड्ड्यांमुळे ७९.३० च्या खाली जावे लागले तर फरक बाँड कोटने भरून काढा, सिरॅमिकने नाही.

उतरवलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना उभी भिंत ठेवू नका. ४५ अंशाचा उतार द्या आणि कोपऱ्याला अर्ध्या मिमीची गोलाई. उभ्या भिंतीच्या मुळाशी गनची सावली पडते, तिथे वितळलेले कण न पोहोचता उसळून आलेला भुगा साठतो, आणि थर तिथूनच सुटायला लागतो. धारदार कडेवर सिरॅमिक आणून सोडणे त्याहून वाईट. स्लीव्ह बसवताना पहिला टवका तिथेच उडतो.

सफाईसाठी ॲसिटोन किंवा तत्सम द्रावण, आणि त्यानंतर हातमोज्याशिवाय जॉबला स्पर्श नाही. ब्लास्टिंगला पांढरे ॲल्युमिना ग्रिट, २४ नंबर. दाब ४ ते ५ बार. नोझल १०० ते १५० मिमी अंतरावर. कोन ७५ अंशांच्या आसपास. अगदी ९० अंशांत मारल्यास ग्रिटचे तुकडे स्टीलमध्ये जास्त रुततात. पृष्ठभाग सगळीकडून सारखा निस्तेज, राखाडी दिसला की थांबा. आरए (सरासरी खडबडीतपणा) ४ ते ६ मायक्रॉन पुरे. जास्त वेळ मारल्याने खडबडीतपणा वाढत नाही, उलट शिखरे झोपतात आणि ग्रिट रुतते.

ब्लास्टिंग बिघडते ते बहुतेक वेळा हवेमुळे. कंप्रेसरचे तेल आणि पाणी ग्रिटबरोबर जॉबवर जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. रोज सकाळी नुसत्या हवेचा झोत पांढऱ्या टिपकागदावर अर्ध्या मीटरवरून मिनिटभर धरा. डाग किंवा ओल दिसली तर ड्रायर आणि फिल्टर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रिट मूठभर घेऊन स्वच्छ पाण्याच्या पेल्यात ढवळा. वर तेलाचा तवंग आला तर ते ग्रिट बाद. कोकणपट्टीत किंवा मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात ही चाचणी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा करण्याजोगी आहे. ब्लास्टिंगनंतर फवारणी शक्यतो तासाभरात सुरू व्हावी, आणि दोन तास उलटले तर पुन्हा ब्लास्ट करावे.

पावडर उणे ४५ अधिक १५ मायक्रॉन जातीची, म्हणजे १५ ते ४५ मायक्रॉनच्या कणांची. उघडलेला डबा असेल तर ८० ते १०० अंशांवर दोन तास वाळवा. ओली पावडर फीडरमधून धक्के देत येते आणि थरात पट्टे पडतात.

स्लीव्ह लेथवर धरून ३०० आरपीएमवर फिरवा. ८० मिमी व्यासाला याने पृष्ठभागाचा वेग मिनिटाला साधारण ७५ मीटर येतो. गन एका फेऱ्याला ५ मिमी पुढे सरकवा, म्हणजे सेकंदाला २५ मिमी. गनच्या आगीने जॉब १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे पृष्ठभागावरची ओल जाते. आर्गॉन मिनिटाला ४० लिटर आणि हायड्रोजन १० ते १४ लिटर, करंट ५०० ते ६०० अँपिअर, व्होल्टेज ६५ ते ७५. म्हणजे साधारण ३५ ते ४० किलोवॅट. अंतर क्रोमियम ऑक्साइडला ८० ते १०० मिमी, निकेल-क्रोमियमला १२० च्या पुढे. पावडर मिनिटाला ३५ ग्रॅम. तुमच्या गनचे आकडे याहून वेगळे असू शकतात, उत्पादकाच्या तक्त्यापासून सुरुवात करा. पण वितळणबिंदू २४०० अंशांच्या वर असलेल्या या मालाला उष्णता कमी पडून चालत नाही.

माल किती लागेल तेही काढून ठेवा. क्षेत्रफळ सुमारे ३७७ चौरस सेमी, थर ०.४० मिमी, थराची घनता ४.९ धरली तर जॉबवर ७४ ग्रॅम बसले पाहिजे. मारलेल्या मालापैकी ४० टक्के चिकटतो असे धरा: १८५ ग्रॅम, आणि टोकांबाहेर जाणारा धरून पाव किलो. एका फेरीत ७ ते ८ मायक्रॉन बसतात, म्हणजे पन्नासेक फेऱ्या. घाईने गन हळू चालवून एका फेरीत ३० मायक्रॉन बसवले तर काम लवकर होते खरे, पण उष्णता एका जागी साठते आणि फेऱ्यांच्या मध्ये आडवी भेग पडते. वर सांगितलेला, स्लीव्हवरही काळा थर ठेवून सुटणारा काळा पापुद्रा असाच जन्मतो.

गनची तब्येत व्होल्टेजवरून कळते. नवे नोझल आणि इलेक्ट्रोड बसवले त्या दिवशीचे व्होल्टेज त्याच वायूप्रवाहाला आणि त्याच करंटला किती होते ते वहीत लिहून ठेवा. नोझल झिजते तसे व्होल्टेज उतरते आणि करंट तोच असूनही शक्ती कमी होते. चार-पाच व्होल्ट उतरले की ऑपरेटर हायड्रोजन वाढवून आकडा वर आणतात. ते करू नका, नोझल बदला. नोझलच्या तोंडाशी पावडर साचली तर तिचे गोळे सुटून थरात अडकतात, आणि ग्राइंडिंगमध्ये तिथे खड्डे पडतात. पावडर वाहून नेणारा आर्गॉन कमी असेल तर कण ज्वाळेच्या कडेवरूनच निघून जातात, जास्त असेल तर ज्वाळा भेदून पलीकडे. एका स्टीलच्या पट्टीवर गन स्थिर धरून दोन सेकंद मारा: टेकडी गोल आणि थोडीशीच सरकलेली हवी.

फवारताना दोन्ही बाजूंनी कोरड्या हवेचे झोत चालू ठेवा आणि जॉब १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ३१६ स्टील अंशाला मीटरमागे १६ मायक्रॉन प्रसरण पावते, क्रोमियम ऑक्साइड जवळपास त्याच्या निम्मे. २०० अंशांच्या फरकाला १५० मिमी लांबीवर दोघांच्या प्रसरणात पाव मिमीच्या जवळ तफावत येते. जॉब फार तापवून मारला आणि मग थंड झाला, की स्टील जास्त आकसते आणि सिरॅमिक दाबाखाली कडेने उचलले जाते. उलट चालू पंपात स्लीव्ह कोरडी पडून तापली तर स्टील पसरते आणि सिरॅमिक ताणाखाली तडकते. जाड थर का नको, याचे उत्तर इथे आहे. शिवाय प्रत्येक चकती गोठताना स्वतःचाही ताण सोडून जाते. थर जितका जाड, तितकी ही साठलेली शक्ती जास्त, आणि ती सगळी खालच्या सांध्यावर येते. अर्ध्या मिमीच्या पुढे क्रोमियम ऑक्साइड नेणे धोक्याचे.

ग्राइंडिंग डायमंड चाकानेच. साधे ॲल्युमिना चाक हा थर कापत नाही, चोळते; त्या उष्णतेने बारीक भेगांचे जाळे पडते, आणि मग दोष फवारणीवर जातो. रफिंगला १२० ग्रिटचे रेझिन बाँड चाक, फिनिशला ३२० ते ४००. एका वेळी ५ ते १० मायक्रॉन, कूलंट भरपूर. आरए ०.२ ते ०.४ पर्यंत आणा. गुळगुळीतपणा पॅकिंगसाठी महत्त्वाचा आहे. खरबरीत सिरॅमिक पॅकिंगला कानशीसारखे खाते.

आता सिलिकॉन कार्बाइड. ते कठीण आहे, स्वस्त आहे, मग ते का नको? कारण ते वातावरणीय दाबाला वितळतच नाही. २५०० अंशांच्या पुढे ते विघटन पावते. प्लाझ्मा फवारणीला थेंब लागतो. थेंबच होत नसेल तर कण आपटून परत उसळतो. सिलिकॉन कार्बाइड थरात बसवायचे तर ते एखाद्या धातूच्या किंवा ऑक्साइडच्या वेष्टनात गुंडाळलेले हवे. वेष्टन वितळते आणि कार्बाइडला धरून ठेवते. बोरॉन कार्बाइड वितळते, पण हवेत जळते, म्हणून ते निर्वातात किंवा आर्गॉन भरलेल्या कक्षात मारतात. टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट प्लाझ्माने मारता येते, पण प्लाझ्माच्या उष्णतेत कार्बाइडमधला कार्बन जळतो आणि ठिसूळ घटक तयार होतात. त्यासाठी एचव्हीओएफ (इंधन आणि ऑक्सिजन जाळून अतिवेगाने केलेली फवारणी) चांगले, कारण तिथे ज्वाळा थंड आणि वेग जास्त असतो.

तुमच्या गाळात वाळूचे जाड कण असतील आणि ते आपटत असतील, तर मी सिरॅमिक सोडून एचव्हीओएफने टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट-क्रोम घेईन. सिरॅमिक घासण्याला भारी आणि माराला लेचे. बारीक गाळ आणि पॅकिंगचे घर्षण एवढेच असेल तर क्रोमियम ऑक्साइडच योग्य. त्यात सिलिका आणि टायटानिया थोडे मिसळलेली पावडर मिळते, तिचा थर जास्त घट्ट आणि थोडा चिवट पडतो. ॲल्युमिना-१३ टक्के टायटानिया हा तिसरा पर्याय. कठीणपणा क्रोमियम ऑक्साइडपेक्षा बराच कमी, साधारण ८५० ते ९५० विकर्स विरुद्ध ११०० ते १४००, पण तो सहज वितळतो, स्वस्त पडतो आणि सौम्य आम्लात चालतो. फक्त पावडर नुसती मिसळलेली नको. फीडरमध्ये हलका आणि जड कण वेगळे होतात आणि थरात पांढरे-काळे पट्टे येतात. वितळवून दळलेली किंवा एकमेकांवर लेप दिलेली घ्या.

काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर जॉबबरोबर त्याच स्टीलची २५ बाय ५० मिमीची पट्टी फवारून मागा. ती कापून, इपॉक्सीत बसवून, पॉलिश करून २०० पट मोठी पाहिली की ग्रिट किती रुतले, बाँड कोट किती जाड, भेगा आडव्या आहेत का, सगळे दिसते. पॉलिश घाईत केले तर सिरॅमिकचे कण उपटले जातात आणि ती भोके सच्छिद्रतेसारखी दिसतात. म्हणून इपॉक्सी निर्वातात मुरवलेली हवी. चिकटपणाच्या ओढ-चाचणीत एक इंच व्यासाचे ठोकळे गोंदाने जोडून ओढतात. या थरांना ३० ते ४५ मेगापास्कल अपेक्षित. आकड्याइतकेच तुटले कुठे हे विचारा. गोंदातच तुटले असेल तर आकडा गोंदाचा आहे.

क्रोमियम ऑक्साइड पावडर स्वतः फारशी घातक नसली तरी प्लाझ्मात तिच्या काही भागाचे सहा संयुजेचे क्रोमियम होते, आणि ते कर्करोगकारक आहे. फवारणी बंद कक्षात, ओढणाऱ्या पंख्यासह आणि फिल्टरसह. आत जाणाऱ्याला पी-३ दर्जाचा मास्क, अतिनील किरणांसाठी वेल्डिंगची गडद काच, आणि कानांना दुहेरी संरक्षण, कारण आवाज सहज ११० डेसिबलच्या पुढे जातो. कक्षातली काळी धूळ झाडूने झाडायची नाही, व्हॅक्यूमने ओढायची आणि घातक कचरा म्हणूनच द्यायची. कंत्राटी पोराला झाडू देऊन आत पाठवणे हा गुन्हा आहे, मग तो कितीही वेळा घडत असो.

स्लीव्ह परत आल्यावर हातोड्याने ठोकून बसवू नका, शाफ्टला वंगण लावून हाताने सरकवा. अडकत असेल तर आतला व्यास तपासा. पॅकिंग ग्रॅफाइट किंवा पीटीएफईचे नवे घ्या, जुन्यात सिरॅमिकचे तुकडे रुतलेले असतील. पंप सुरू करण्याआधी फ्लशिंगचे स्वच्छ पाणी चालू करा, ते ग्लँडमधून ठिबकू लागल्यावरच मोटर लावा. पहिला तासभर मिनिटाला ५०-६० थेंब गळू द्या आणि मग ग्लँडचे नट एका वेळी सहावा भाग फिरवत घट्ट करा, प्रत्येक वेळी दहा मिनिटे थांबून. गळती पूर्ण बंद करू नका. ग्लँडला हात लावता येत नाही इतकी गरम झाली तर तिच्यावर गार पाणी ओतू नका. पंप थांबवा, नट सैल करा आणि स्लीव्ह आपोआप निवू द्या.